गळ्यातली सवत

गौरम्माच्या गळ्यात तिची सवत होती. म्हणजे सवतीचा टाक; करंगळीच्या नखाएवढा, सोन्याचा, वर बाईचं चित्र उठवलेलं. विरूपाक्षची पहिली बायको कमळा बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन हगवणीनं गेली. पुढच्या वर्षी गौरम्मा त्या घरात आली ती मंगळसूत्राशेजारी हा टाक ओवूनच. तेव्हापासून नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पाणीसुद्धा आधी टाकाला टेकवायचं, मग आपल्या ओठाला. जिवंत सवत असती तर एक दिवस झिंज्या धरून निकाल लावता आला असता. मेलेलीचं काय करायचं? मेलेल्या म्हशीला मणभर दूध!

लातूरचा जिल्हा झाला त्या हिवाळ्यात कापडवाल्यांनी मिळून गोव्याची बस काढली. पाऊस दगा देऊन गेलेला, गिऱ्हाईक नाही, दुकानात बसून माशाच मारायच्या. विरूपाक्ष आपणहून म्हणाला, "गौरा, चल, तुला गोवा दावतो." औशाच्या पुढं कधी न नेणारा माणूस! गौरम्माला गगन ठेंगणं झालं. गुलाबी लुगडं तिनं घाईघाईनं टाकाला लावलं न लावलं आणि घडी मोडली.

जुन्या गोव्याला उतरल्यापासून मात्र त्या लुगड्याकडं विरूपाक्षचं लक्षच नव्हतं. पहिल्याच चर्चमध्ये छतापर्यंत सोन्यानं मढवलेली वेदी, तिच्यावर कोरलेले देवदूत, संत, वेली. गौरम्मा आ वासून बघत राहिली. विरूपाक्ष म्हणाला, "कमळीला सोन्याची लई हौस."

तिनं वेदीकडं पाठ फिरवली.

पुढं मेरीची मूर्ती होती, निळ्या पदराची, खाली मान घातलेली. हा जवळ गेला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "नाक बघ गं. कमळीचंच नाक."

"माझ्या नाकाला काय झालंय?" गौरम्मा फणकारली.

"तुझं हाय की चांगलं," असं म्हणून तो पुन्हा मूर्तीकडंच बघायला लागला. गौरम्माच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या बिचाऱ्या मेरीचासुद्धा तिला राग आला.

शेजारच्या चर्चमध्ये तर सगळी फरशीच थडग्यांची. नावं कोरलेले, ढाली-मुकुट काढलेले दगड, आणि माणसं त्यांच्यावरून खुशाल चाललेली. गौरम्मा कडेकडेनं, पदर सावरत गेली. लिंगायताच्या घरात माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात. पुरलेल्या माणसावर पाय देणं तिच्यानं होईना. विरूपाक्ष मात्र एका जोड दगडापाशी उकिडवा बसला. वाटाड्यानं सांगितलं, नवराबायको आहेत. "शेजारीशेजारी," विरूपाक्ष आपल्याशीच म्हणाला आणि त्यानं लांब सुस्कारा टाकला. तो सुस्कारा गौरम्माला चिमट्यासारखा लागला.

तिसऱ्या चर्चच्या दारात एक म्हातारी मेणबत्त्या विकत होती. तिचं लक्ष गौरम्माच्या गळ्याकडं गेलं. तिनं विचारलं, "बाई, ही कुठली सायबीण, कुठली देवमाता? आमच्यात नाही बघितली."

"सायबीण कशाची! सवत हाय माझी," गौरम्मा म्हणाली.

म्हातारीला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं दोन बोटं टाकाला लावली, आपल्या कपाळाला लावली आणि डोळे मिटले. घ्या! लातुरात पूजा होतीच, आता गोव्यातही सुरू झाली.

आत उंचावर चांदीची पेटी होती. आपण गळ्यातलं लिंग ठेवतो त्या करडगीसारखीच नक्षीची, पण माणूस मावेल एवढी. आत संताचा देह आहे, वाटाड्या सांगत होता. संत वारले चीनजवळच्या बेटावर, पुरले तिथंच. मग काढून मलाक्क्याला नेलं, तिथूनही काढून इथं आणलं.

"उकरून?" विरूपाक्ष पुढं सरकला. "दुसऱ्या जागी नेलं तर दोष न्हाई लागत?"

"दोष कसला? लोक पाया पडायला येतात."

त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच ऐकलं, आणि त्याचा चेहरा उजळला. गौरम्मानं त्याला हाताला धरून बाहेर झाडाखाली आणलं.

"खरं बोला. कशाला आणलं मला इथं?"

विरूपाक्षनं मान खाली घातली. "औसा रोडचं रान गेलं. नव्या जिल्ह्याच्या क्वार्टरा व्हनार हायत तिथं. कमळीची समाधी मधोमध हाय. वकील म्हनला, गोव्यात जाऊन बघ, तिथं देव सुदिक हलवलाय. म्हनून आलो. आता तिला मळ्यात आनतो, माझ्या समाधीच्या जागंशेजारी. डाव्या हाताला."

डावी बाजू बायकोची. ती एकच असते.

"आन मी? मी पायथ्याला बसू का वेशीला?"

तो गोंधळला. "तुझा इचारच न्हाई आला गं. तू काय मरनार हायेस व्हय?"

ते तो खरंच बोलला होता, आणि तिला ते कळलंही. पण कळलं म्हणून जळायचं थांबतं का? तिनं टाक सोडवला आणि त्याच्या मुठीत कोंबला. "घ्या. तुमची तुमी सांभाळा. म्यां लई वागवली."

बस परतीला लागली. फोंड्याला गाडी थांबली, त्यानं तिला तांब्या दिला. तहानेनं घसा कोरडा पडलेला; तरी तिचा हात आधी गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं. चांगल्या पाण्याविना मेलेली बाई ती. तांब्या ओठाशी नेववेना.

"आना इकडं तिला," ती चिडून म्हणाली. "तुमच्यानं व्हायचं न्हाई." टाकाला पाणी टेकवलं, मग घटाघटा प्याली. "पन डावी बाजू माझी. कबूल?"

"हाव. तुझी."

"आन तिला कुठं बसवता?"

विरूपाक्षनं बोटानं मांडीवर जागा मांडून बघितल्या. "तुझ्या डाव्या हाताला. दुसरी जागाच न्हाई."

गौरम्मानं कपाळावर हात मारला. "म्हंजे मेल्यावरबी ती माझ्याच गळ्यात!"

आणि तिनं टाक पुन्हा ओवायला घेतला.