आयुष्यभराची दाढ

मित्रांनो, मी एक उपटून टाकलेली दाढ आहे. वय झालं म्हणून मी पडले नाही. आयुष्यभर टिकायलाच आले होते.

भिंगरीला सहावं लागलं तेव्हा तिच्या खालच्या जबड्यात, अगदी मागे, मी उगवले. तिचं खरं नाव निराळं होतं, पण पायाला उसंत नाही आणि तोंडाला तर त्याहून नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मी कुठल्याही दुधाच्या दाताची जागा घेतली नव्हती. मोकळ्या हिरडीतून गुपचूप वर आले होते. त्यामुळे घरात सर्वांनी मला दुधाचीच धरलं.

घर म्हणजे शिवणकारखान्यामागची एक खोली. नळ गल्लीच्या टोकाला. बाबा दूरच्या बांधकामावर. आई कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची आणि उजाडायच्या आत निघायची. मागे भिंगरीची ताई दोन्ही धाकट्या भावंडांना सांभाळायची. कोणी भुकेनं रडलं, की गोड चहा आणि बिस्किटं. पोट भरल्यासारखं वाटे आणि रडं थांबे. दात घासायला तिघांत एकच ब्रश, तोही पिंजारलेला. बिस्किटाचा चिखल माझ्या खाचांत रात्रभर तसाच राही.

आधी ठिपका पडला, मग खड्डा. भिंगरी कळवळायला लागली.

"दुधाचीच आहे गं, पडेल आपोआप," आई तिच्या गालावरून हात फिरवत म्हणायची. "थोडं सोस, माझ्या राणी."

कळ थांबेना, तेव्हा आईनं सुपरवायझरकडे सुट्टी मागितली. सरकारी दवाखान्यात दातांचा विभाग फक्त सकाळी उघडा असे, आणि सकाळी आई मशीनवर.

घरी येऊन तिनं ताईला सांगितलं, "म्हणाला, दाढच ना? दाढेनं कोणी मरत नाही. तुझ्या मशीनसाठी दारात रांग लागलीय."

मग औषधाच्या दुकानातून गोळी आली. गोळीनं कळ झोपायची, मी मात्र आतून पोखरली जायचे. भिंगरी एकाच बाजूनं चावू लागली, पुढे चहात बुडवलेलंच खाऊ लागली. तोंडाला वास येतो म्हणून शेजारची मुलगी बाक बदलून गेली. त्यानंतर भिंगरीनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं. बाईंना वाटलं, पोरगी आळशी झाली.

एके दिवशी उठली ती अर्धा चेहरा सुजवून. डोळा मिटलेला, अंग तापलेलं, थुंकी गिळवेना. आईनं तिला खांद्यावर टाकलं आणि कारखान्याच्या फाटकावरून तशीच पुढे धावली.

"इतके महिने झोपला होतात का?" दातांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"झोपायला मिळतं कुठे, बाई," आई खाली मान घालून म्हणाली. "आणि दुधाचीच दाढ ना? मला वाटलं, पडेल."

डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम उतरला. "नाही हो. ही कायमची. हिच्या जागी आता दुसरी येत नाही."

आईनं पदरानं भिंगरीची लाळ पुसली.

पू गळ्याकडे उतरत होता. श्वास कोंडायची वेळ आली होती. भिंगरीला वॉर्डात ठेवलं, सलाईन लावलं, आणि ताप उतरल्यावर मला मुळासकट काढलं. ती वाचली. मी अजून जबड्यात असतानाच आई एकदा कारखान्यात जाऊन आली होती, तेव्हा तिच्या मशीनवर दुसरीच बाई बसलेली होती. हे आईनं वॉर्डात ताईला सांगितलं, डबा उघडता उघडता, जणू भाजीचा भाव सांगावा तसं.

मला काढलं तेव्हा मी ट्रेमध्ये पडले होते. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या तोंडात पुन्हा एकदा बॅटरी मारली. "त्या बाजूच्या दाढेतही सुरुवात आहे. आत्ता भरली तर वाचेल. पुढच्या आठवड्यात घेऊन या, सकाळी."

"सकाळी," आई म्हणाली. सकाळीच तिला नव्या कामासाठी फाटकाफाटकावर उभं राहायचं होतं.

मित्रांनो, दात घासा, गोड कमी खा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. तेही कराच. पण वर्गात एखादी बोलकी मुलगी अचानक गप्प झाली, तर बाक बदलू नका. तिला विचारा, काय दुखतंय. आणि मोठ्यांना विचारा, आया ज्या वेळी कामावर असतात, नेमका त्याच वेळी दवाखाना का उघडा असतो.

ती पलीकडची दाढ माझी बहीण. आम्ही एकाच वर्षी उगवलो. तिला भरायला कोणी आणलं की नाही, ते मला ठाऊक नाही. त्याआधीच ट्रे कचऱ्यात रिकामा झाला.