नाल्यावरची भिंत

राहनाळला सखल भागात, नाल्याला लागून हौसाचं घर. नवरा वारलेला, लकव्यानं खाटेला खिळलेले सासरे रामनाथ तिच्याचकडे. नाल्याच्या खालच्या अंगाला, खाडीकडे, धाकटा दीर लडकूची जमीन. तिथं त्यानं गोदाम बांधून भाड्यानं दिलं, आवारातला नाला आवळून अरुंद गटार केलं आणि त्याच्या तोंडाशी नाल्यावर आडवी भिंत घातली. पाण्याला वाट म्हणून भिंतीत एक पाइप ठेवला, घागरीच्या तोंडाएवढा.

चक्रीवादळाचा इशारा आला त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. भरतीच्या वेळी पाणी हौसाच्या घरात शिरलं. दुपारी ओहोटी लागली, तरी ते उतरेना. उलट खाटेच्या माच्याला टेकलं. पाइप तुंबला होता.

हौसानं पहार उचलली आणि भिंत गाठली.

लडकू छत्री घेऊन गोदामाच्या गेटातून धावत आला. "वैनी, भिंतीला हात लावू नको! आत कपड्याचा माल हाय."

"आनि माज्या घरात तुजा बाप हाय."

"मंग त्याला माज्याकडं आन."

"चार वर्सांत एकदा तरी डोकावलास? आज मालासाठी बाप आठवला?"

लडकूनं पहार धरली. तिनं हिसडा दिला, तसा तो चिखलात बसला.

"पोलिसात देईन तुला!"

"दे. आधी बाजूला हो, न्हायतर तुज्यासकट फोडीन."

तो बाजूला झाला. शेजारच्या दोघी पाणी उपसायची घमेली टाकून तिच्या मदतीला आल्या. विसाव्या की पंचविसाव्या घावाला विटा सुटल्या आणि पाण्याच्या लोंढ्यानं उरलेली भिंत स्वतःच ढकलून दिली. आतल्या अरुंद गटारात पाणी मावलं नाही. गोदामाचं शटर वाकवून आत घुसलं. कपड्याचे तागे भिजताना लडकू शिव्या देत उभा राहिला. तासाभरात हौसाच्या घरातलं पाणी घोट्यावर आलं.

लडकूनं खरंच तक्रार दिली. चौकीत हौसा म्हणाली, "मीच फोडली. परत बांधली तर परत फोडीन."

भाडेकरू निघून गेला. भिंत परत फुटेल या धास्तीनं नवा कोणी येईना, तेव्हा लडकूनं भिंत बांधताना नाल्याची पुरी रुंदी मोकळी सोडली. तक्रार मात्र मागं घेतली नाही.

रामनाथ दिवाळीआधी गेले. लडकू खांदा द्यायला आला. हौसानं त्याला अडवलं नाही. तो समोरून गेला, तेव्हा तिनं तोंड फिरवलं.