गाळात दोघी

पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या काठावर तंबू ठोकायचा म्हटलं की मंजुषाच्या माहेरच्यांच्या कपाळाला अजूनही आठ्या पडायच्या. बाईमाणसानं रानात पाण्याच्या कडेला जाऊन झोपायचं कशाला, असं तिचा भाऊ सूर्यभान दर हिवाळ्यात देवगाव रंगारीहून फोन करून विचारायचा. 'पाखरं बघायला,' एवढंच ती सांगायची. शहरात गारखेड्याच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवत होती, वर्षानुवर्षं एकटी राहत आली होती आणि कोणाला जाब देण्याची सवय तिला उरली नव्हती.

यंदा मात्र सूर्यभानची लेक तिच्यासोबत होती. श्रेया शहरात फोटोग्राफी शिकायला आली तशी आत्याकडेच राहायची. "पोरगी तुझ्या भरवशावर पाठवतोय," सूर्यभाननं बजावलं होतं. "लई हट्टी आहे. लक्ष ठेव."

तंबू अप्पारावांच्या शेताच्या टोकाला होता, अभयारण्याची हद्द जिथं सुरू होते तिथंच. अप्पाराव ओळखीचे, पण ते घरच्यांना घेऊन फुलंब्रीला लग्नाला गेले होते. आजूबाजूला दुसरं माणूस नजरेला पडत नव्हतं. समोर नुसतं पाणी, पाण्याच्या अलीकडं ओसरत गेलेल्या पाण्यानं मागं सोडलेला गाळ आणि त्या सगळ्यावर पाखरंच पाखरं. लांब रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, तिच्या अलीकडं नारिंगी चक्रवाक बदकांच्या जोड्या, काठाकाठानं लांब लाल पाय उचलत फिरणारे शेकाटे. पहाटे हजारो बदकं एकदम उठली की तंबूचं कापड थरथरायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणकणसाच्या उंच गवताच्या बेटामागं त्यांना जाळं दिसलं.

गाळात बांबू रोवून त्यावर माणसापेक्षा उंच नायलॉनचं जाळं ताणलं होतं. इतकं बारीक की जवळ जाईपर्यंत नजरेत येत नव्हतं. त्यात पाखरं लटकली होती. काही केव्हाच मेलेली, माना खाली टाकलेली. काही अजून पंख मारत होती आणि मारतील तशी आणखी गुरफटत होती. मंजुषा दोन पावलं मागं सरकली. श्रेयानं मात्र कॅमेरा डोळ्याला लावला तो खाली घेतलाच नाही.

तेवढ्यात बेटाच्या पलीकडून थर्माकोलचा तराफा आला. त्यावर दोन पुरुष होते. बांबूनं तराफा ढकलणारा साठीकडं झुकलेला, काटक. दुसरा तिशीचा, मफलर गुंडाळलेला. दोघांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा वळला तसा तरणा ओरडला, "ए, बंद कर ते."

"काढलेत फोटो," श्रेया म्हणाली. "तुमचेपण."

म्हातारा फकिरा, पलीकडच्या वस्तीवरचा, मासे धरणारा. मंजुषानं त्याला याआधीही लांबून पाहिलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ते फोटो पुसून टाका. मासळी घावंना झालीय. ढाबेवाले बदकं मागतेत. आम्ही काय हौसेनं करतो व्हय?"

"हा गुन्हा आहे, तुम्हाला माहीत आहे," मंजुषा म्हणाली.

"माहीत हाय म्हणून तर सांगतोय, पुसा."

"नाही पुसणार," श्रेया म्हणाली.

मफलरवाला, राजकुमार, फकिराचा जावई, तराफ्यावरून उतरायला निघाला. फकिरानं त्याच्या दंडाला धरलं. "राहू दे." मग मंजुषाकडं बघून म्हणाला, "सांजच्याला इथं थांबू नका. एवढंच सांगतो." त्यात धमकी होती की सल्ला, ते तिला कळलं नाही, आणि न कळल्यामुळंच जास्त भीती वाटली.

बांधावर चढून तिनं वनरक्षकाला फोन लावला. फक्त तिथंच रेंज यायची. तो अभयारण्याच्या दुसऱ्या टोकाला होता, उद्या सकाळी येतो म्हणाला. "तोवर काही करू नका, मॅडम. तंबू आवरा अन् निघा."

मंजुषा आवरायला लागली. श्रेया तंबूच्या दारात बसून राहिली.

"आपण गेलो की ते रात्रीतून जाळं काढतील, आत्या. मग उद्या काय दाखवणार?"

"फोटो आहेत ना."

"आणि त्यात अडकलेत ती? एक चक्रवाक कडेलाच आहे, जिवंत आहे. मी पाहिलंय."

"श्रेया, ऐक. तुझ्या बापाला मी शब्द दिलाय." मंजुषानं गादीची गुंडाळी बांधली. "सामान गाडीत ठेवून येते. तोवर तू तंबूच्या खुंट्या काढ. चार वाजता आपण इथून निघालेलो असायला पाहिजे."

गाडी बांधापलीकडच्या रस्त्याला होती. जाऊन यायला बराच वेळ गेला. परत आली तेव्हा खुंट्या जशाच्या तशा होत्या आणि श्रेया नव्हती.

मंजुषानं हाक मारली. पाणकणसाकडून उत्तर आलं, पण ते श्रेयाच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. "आत्या, पळू नको. हळू ये. जमीन नाहीये इथं."

श्रेया जाळ्याच्या टोकाशी मांड्यांपर्यंत गाळात गेली होती. कॅमेरा गळ्यात, जाकिटात छातीशी धरलेला चक्रवाक, त्याची नारिंगी मान तेवढी बाहेर. तिनं पाखरू सोडवलं होतं, अन् परत वळताना पापडी फुटली होती. या दिवसांत ओसरलेल्या पाण्याखालचा गाळ वरून वाळतो, त्याला पापडी धरते आणि खाली नुसतं लोणी असतं. मंजुषा हे पोरांना शाळेत सांगायची. इथं यायच्या आधी श्रेयालाही सांगितलं होतं.

"हलू नको. पाय ओढू नको," ती म्हणाली. "मागं रेल. पाठीवर पडल्यासारखी हो."

"रेलते तर कंबर आत जातीय."

मंजुषा धावत तंबूकडं गेली. उरलेली गादी, तंबूचं कापड, काठ्या, जे हाताला लागलं ते घेऊन आली. कापड गाळावर अंथरून त्यावर पालथी सरकली. दोन हात पुढं गेल्यावर कापडाखालून काळं पाणी वर आलं, कोपरं बुडाली आणि सगळं तिच्यासकट खाली चाललं. ती कशीबशी उलटी सरकली. श्रेया तिच्यापासून एका खोलीच्या लांबीएवढी दूर होती आणि मधे पाय ठेवायला जागा नव्हती.

पश्चिमेचा वारा सुटला होता. तो सुटला की पाणी सपाट गाळावर सरकत येतं, लाटा म्हणाव्यात अशा नसतात, पण पाणी येतं. श्रेयाच्या ओठांचा रंग उतरला होता.

"आत्या, पाय जाणवेनात मला. म्हणजे आहेत का तेच कळेना."

"पाखरू सोड आधी."

"त्याचा पंख अजून अडकलाय दोऱ्यात. सोडलं तर बुडेल."

बांधावर जाऊन फोन करावा? माणसं यायला अंधार पडला असता. गाडीनं गावात जावं? तेच. मंजुषाला एकच गोष्ट दिसत होती, गाळावरून आणि पाण्यावरून सारखीच सरकणारी, थर्माकोलची. ती कोणाकडं होती तेही तिला ठाऊक होतं.

"मी येते," ती म्हणाली. "गाणं म्हण, पाढे म्हण, काहीही म्हण. डोळे मिटायचे नाहीत."

बेटाला वळसा घालून काठाकाठानं ती पळाली. पलीकडं फकिराच्या पत्र्याच्या छपरापुढं तराफा ओढून ठेवला होता. फकिरा दोर सोडवत बसला होता. राजकुमार चुलीपाशी उभा होता. मंजुषाला धाप लागली होती, बोलणं तुटत होतं. ऐकून घेतल्यावर फकिरा उठला. राजकुमारनं बांबू उचलून स्वतःकडं घेतला.

"फोटोंचं कार्ड द्या," तो म्हणाला. "मग तराफा."

"कार्ड कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा तिच्या गळ्यात."

"मग काय भरवसा? काढल्यावर तुम्ही पोलिसात जाणार."

"कार्ड मिळेल तुम्हाला," मंजुषा म्हणाली. "माझा शब्द आहे. आता चला."

फकिरानं जावयाच्या हातातून बांबू घेतला. "मी जातो. तू काठानं ये."

मंजुषा तराफ्यावर बसली. फकिरा बांबू रोवत राहिला. श्रेया दिसली तेव्हा तिचं डोकं एका बाजूला कललं होतं आणि पाणी तिच्या कमरेला लागत होतं. मंजुषानं हाक दिल्यावर तिनं मान उचलली. फकिराकडं बघितलं आणि तिचा हात कॅमेऱ्यावर गेला.

तराफा हात पोचेल न पोचेल एवढ्या अंतरावर आला आणि थांबला. फकिरानं बांबू रोवून धरला होता. काठावरून राजकुमारचा आवाज आला, "मामा, आधी कार्ड घ्या."

"पोरी, कार्ड दे," फकिरा म्हणाला. तो ओरडला नाही, पण तराफाही पुढं सरकवला नाही.

"नाही," श्रेया म्हणाली. दातांवर दात आपटत होते, तरी म्हणाली.

"श्रेया, दे ते." मंजुषानं हात लांबवला.

"एवढी पाखरं मेलीत, आत्या."

सूर्यभान म्हणाला होता तेच खरं, लई हट्टी. मंजुषानं फकिराकडं पाहिलं. या माणसाला पोरीनं मरायला नको होतं, हे तिला दिसत होतं. त्याला जावयापुढं माघारही घ्यायची नव्हती. तो वाट बघत होता, कोणीतरी काहीतरी करावं म्हणून. आणि पाणी थांबत नव्हतं.

मंजुषानं तराफ्याच्या कडेवरून अंग खाली सोडलं. छातीवर पालथी, हात पसरून. गार गाळ गळ्याशी आला, तोंडात गेला. तिनं एक हात मारला, दुसरा मारला आणि श्रेयाच्या जाकिटाला पकडलं. तिचे स्वतःचे गुडघे खाली गेले, कंबर गेली. मग तिनं मान वळवली.

"आता दोघी आहेत, फकिरामामा," ती म्हणाली. "आता काय ते तुम्ही ठरवा."

काठावर राजकुमार काहीतरी बोलत होता. फकिरानं तिकडं बघितलंही नाही. त्यानं एक शिवी हासडली, कोणाला ते कळलं नाही, आणि बांबूवर सगळा भार टाकला. तराफा सरकत येऊन दोघींना भिडला.

पुढचं काम संथ होतं. ओढून चालणार नव्हतं. मंजुषानं तराफ्याच्या कडेला एक कोपर अडकवलं, दुसऱ्या हातानं श्रेयाच्या मांडीभोवतीचा गाळ उकरायला घेतला. पाणी आत शिरलं की पाय जरा सैल व्हायचा, थांबली की पुन्हा धरला जायचा. फकिरा पालथा पडला आणि त्यानं पोरीला दोन्ही काखांत हात घालून धरलं. "घाई नको," तो सारखा म्हणत होता, "घाई नको, पोरी." एक पाय सुटला तेव्हा चुळकन आवाज आला आणि श्रेया कळवळली. दुसऱ्याला जास्त वेळ लागला. बूट आतच राहिला. मग तिला वर घेतलं, मग मंजुषाला. तिघं तराफ्यावर आडवे पडून राहिले. चक्रवाक जाकिटातून कण्हल्यासारखा आवाज काढत होता.

काठावर मंजुषानं श्रेयाला तंबूच्या जागी राहिलेल्या कोरड्या शालीत गुंडाळलं, तळपाय चोळले. राजकुमार येऊन उभा राहिला. मंजुषानं श्रेयाच्या गळ्यातला कॅमेरा काढला. झाकणात गाळ बसला होता, ते उघडेना. शेवटी उघडलं. तिनं कार्ड फकिराच्या तळहातावर ठेवलं.

"आत्या," श्रेया म्हणाली.

"शब्द दिला होता."

फकिरानं कार्ड जावयाकडं दिलं. राजकुमारनं ते दोन दगडांत ठेचलं.

"आता विळा द्या," मंजुषा फकिराला म्हणाली.

"कशाला?"

"फोटोंचा शब्द दिला होता मी. पाखरांचा नाही दिला. जिवंत आहेत तेवढी सोडवायचीत. उजेड आहे तोवर."

"मामा, नाय हं," राजकुमार म्हणाला. "ढाब्यावर काय सांगायचं?"

फकिरानं जाळ्याकडं पाहिलं. त्याच्या सदऱ्यावरून गाळ ओघळत होता. मग त्यानं कमरेचा विळा काढला, पण तिच्या हातात दिला नाही. "तुमाला जमायचं नाय. अंगाला लागंल पाखराच्या. बसा तराफ्यावर, मी कापतो, तुमी धरा."

सूर्य टेकला तरी ते काम चाललं होतं. मंजुषा पंख दाबून धरायची, फकिरा दोर कापायचा. सोडलेलं पाखरू पहिल्यांदा पाण्यावर आदळायचं, गोंधळायचं, मग फडफडत लांब जायचं. काही गेली नाहीत. शेवटी श्रेयानं आपल्या जाकिटातल्या चक्रवाकाच्या पंखातला दोरा दातानं तोडला आणि त्याला काठावरून सोडलं. पाखरू उडालं नाही. पोहत गेलं.

"वनखात्याला सांगनार का?" गाडीपर्यंत सामान पोचवताना फकिरानं विचारलं.

"सांगणार," मंजुषा म्हणाली. "जाळं होतं तेही आणि माझ्या भाचीला तुम्ही काढलं तेही."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यानं मान हलवली. होकार की नकार ते अंधारात कळलं नाही.

रात्र त्यांनी पैठणला लॉजवर काढली. श्रेयानं गरम पाण्यात पाय सोडून बराच वेळ भिंतीकडं बघितलं. तिचा राग मंजुषाला दिसत होता. सकाळी दोघी वनरक्षकासोबत गेल्या, तेव्हा जाळं नव्हतं. रिकामे बांबू उभे होते आणि आजूबाजूला पिसं. छपराखाली चूलसुद्धा गार होती.

"पुरावा काहीच नाही मॅडम," वनरक्षक म्हणाला. "फोटो होते म्हणालात ना?"

"होते. मी दिले." मंजुषानं सगळं सांगितलं, काही न वगळता. नावं सांगताना ती क्षणभर थांबली आणि मग सांगितली.

वनरक्षकानं श्रेयाकडं पाहिलं. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

श्रेया एकच बूट घालून, दुसऱ्या पायात लॉजवरची चप्पल घालून उभी होती. पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या पसरल्या होत्या, त्यात कालचा कोणता ते सांगता आलं नसतं.

"आत्यानं सांगितलं तसंच झालं," ती म्हणाली. "फक्त एक राहिलं. कार्ड माझ्याकडून सुटेना, म्हणून तिनं गाळात उडी टाकली."

गाडीपाशी परत येताना श्रेयानं तिच्या दंडाला धरलं. जमीन घट्ट होती, तरी तिनं बांधावर चढेपर्यंत हात सोडला नाही.