तिसऱ्या बाकावरचे काका

"हे चित्र कोणाला विचारून काढलंत?"

दवाखान्याच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी माझी चित्रं लावू दिली होती ती एकाच अटीवर: एकाचीही तक्रार आली, तर सगळी उतरवायची. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन, आणि हा तिसराच दिवस!

मी इथला कंपाउंडर. वीस वर्षं नंबर पुकारता पुकारता समोरच्यांची चित्रं काढतोय. पूर्वी माणसं धड बसायचीच नाहीत. कोणी नाक खाजवायचं, कोणी उठून माझ्याशीच हुज्जत घालायचं. मग मोबाइल आले. लोक त्या डबड्याच्या नावानं खुशाल बोटं मोडोत, मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. तासभर मान खाली, हूं की चूं नाही. कोणा चित्रकाराचं नशीब एवढं थोर असतं?

"चुकलंच माझं. आत्ता उतरवतो," मी म्हणालो.

"थांबा. हे माझे बाबा आहेत."

मग उलगडा झाला. चित्रातले, नेहमी तिसऱ्या बाकावर बसणारे काका गेल्या महिन्यात वारले होते. दूरदेशी असलेली त्यांची मुलगी रिपोर्ट न्यायला आली होती.

"पाच वर्षं आम्ही रोज व्हिडिओ कॉल करायचो," ती म्हणाली. "पण बाबांना फोन सरळ धरता येईल तर शपथ! मला दिसायचं नुसतं कपाळ आणि छताचा पंखा. मी किती चिडायचे त्यांच्यावर. शेवटी शेवटी तर बघणंच सोडलं, नुसतं बोलायचे."

चित्रात काका अख्खे होते. बाकावर पुढे झुकलेले, फोन दोन्ही हातांत जपून धरलेला, आणि तोंडभर हसू.

"हे कोणाशी बोलत होते?"

"तुमच्याशीच, ताई. तुमचा फोन लागला की असेच दिसायचे. मला त्यांचा नंबर तीनतीनदा पुकारावा लागायचा."

ती बाकावर बसली आणि पदर नसल्यामुळे बाहीनंच डोळे पुसू लागली. चित्र भिंतीवरून काढून मी तिच्या हातात दिलं.

"फार उपकार झाले," ती म्हणाली.

"तुमचेच झाले. तुमचा फोन नसता तर हे चित्रच झालं नसतं," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

दारापाशी जाऊन ती परत आली. "खाली तुमचं नाव घाला ना."

आजवर हजारो केसपेपरांवर मी नावं लिहिली. स्वतःचं लिहायला मला बराच वेळ लागला.