मार्केसाच्या हिरड्या

आमच्या घराच्या भिंतींत 'बालिया'चा वास मुरला होता. व्हॅनिला, लवंग आणि मागून येणारा थोडासा धूर, असा. वडिलांचा कारखाना आता नाही, त्या जागी कुणीतरी फरशांचं दुकान थाटलं आहे. पण धुक्याच्या दिवसांत त्या दारावरून गेले की मला अजून तो वास येतो. माझी सून हसते. म्हणते, "आई, तिथे सिमेंटचा वास येतो." येत असेल.

बालिया म्हणजे दुसऱ्याच्या लेकराला दूध पाजणारी दाई. कारखान्यात बनणाऱ्या स्वादाच्या अर्काला हे नाव वडिलांनीच ठेवलं होतं. इटलीत आमच्या पार्माच्या आसपास गाईचं दूध चीजसाठी लागतं, म्हणून वासराला लवकरच आईपासून तोडतात आणि बादलीत पावडरचं दूध देतात. वासरू त्या बादलीत नाक घालतं, फुरफुरतं आणि तोंड फिरवतं. त्यात चिमूटभर बालिया टाकलं की तेच वासरू कानांपर्यंत आत शिरायचं. तोच अर्क, त्याहून पुष्कळ कमी, आमच्या कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याच्या बिस्किटांतही जायचा. ती बिस्किटं खाऊनच मी मोठी झाले.

वडिलांचं नाव अर्जेओ माल्पेली. नाक असं की आई स्वयंपाकात कालचा रस्सा वापरते आहे हे त्यांना फाटकातूनच कळायचं. बालिया बसवायला त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घरची शेतजमीन विकून त्यांनी कारखाना उभारला, आणि गावातली निम्मी कर्ती माणसं तिथे कामाला होती. मग सत्तरच्या दशकात नियम आला. माणसाच्या किंवा जनावराच्या खाण्यात जाणारं प्रत्येक स्वादद्रव्य तपासून घ्यायचं, परवानगी नसेल तर एकही पोतं बाहेर काढायचं नाही. बालियाचे कागद रोममार्गे फिरून पार्मातल्या तपासणी संस्थेत आले, आणि थेट डॉक्टर ओत्ताविया झानलारी यांच्या टेबलावर पडले.

आणि मी त्यांच्याच हाताखाली काम करत होते.

झानलारीबाई बुटक्या होत्या. पायात पुरुषी बूट, आणि पावसापाण्यातही सायकल. लहानपणी तापात त्यांचं नाक गेलं होतं. गुलाबाचाही वास येत नसे, जळलेल्या दुधाचाही नाही. अशा बाईकडे स्वादांची तपासणी द्यावी याचं संस्थेत नव्या येणाऱ्यांना हसू यायचं. त्या म्हणायच्या, "बरंच आहे की. मला कोणी वासाने पटवू शकत नाही."

कागदांवर माझं आडनाव दिसताच त्यांनी मला बोलावलं.

"इरिदे, हे तुझे वडील?"

"हो."

"मग या कामाला तू हात लावायचा नाहीस. नळी धुवायचीसुद्धा नाही. याची चौकशीही करायची नाहीस."

मी मान डोलावली. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसत होतो. एकदा न राहवून मी विचारलं, "बाई, निदान बरं चाललंय का?" त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सेंट्रिफ्यूज आवाज करतंय बघ. तेल घाल." त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही की एका शब्दाने दिलासाही दिला नाही. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, इतकं सरळ माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

घरी वडिलांचा जीव टांगणीला लागलेला. त्यांनी तळघरात टांगलेला सगळ्यात जुना कुलातेल्लो काढला. आमच्याकडच्या धुक्यात मुरलेलं ते डुकराचं मांस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तो कापडात गुंडाळून ते संस्थेत घेऊन गेले. बाईंनी दारातच अडवलं.

"अहो माल्पेली, हे घरी न्या."

"आवडत नाही तुम्हाला?"

"फार आवडतं. म्हणूनच न्या. निकाल लागला की बोलवा, तेव्हा दोन ताटं खाईन."

वडील परतले ते फणफणतच. आई म्हणाली, "बरं झालं. माझ्या भावाच्या लग्नातसुद्धा तुम्ही तो कापू दिला नव्हता."

वसंतात एका शनिवारी बाई स्वतःच आमच्या अंगणात हजर झाल्या. सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधलेली. मला बघून म्हणाल्या, "आज तू मालकाची मुलगी आहेस. कॉफी कर आणि बाजूला बस." कागदांवर सगळं लिहिलेलं असतं, पण बादली कुठे ठेवतात ते कागदावर नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कारखान्यामागे वडिलांनी परीक्षेपुरती काही वासरं बांधली होती. त्यांचं दूध पिणं बाईंनी मन लावून पाहिलं, त्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, शेणसुद्धा पाहिलं. वडिलांची छाती फुगत चालली होती.

"वासरं उत्तम आहेत," बाई म्हणाल्या.

"अजून खरा पुरावा तर बाकीच आहे!" वडील म्हणाले. "थांबा, आमची मार्केसा दाखवतो."

मार्केसा म्हणजे आमची करडी मांजर. दिवसभर बॉयलरच्या उबेला पडून असायची. वडिलांनी बशीत बालिया घातलेलं दूध ओतलं. मार्केसा उठली, डुलत डुलत आली आणि बशी चाटूनपुसून लख्ख केली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला वडील हे दाखवायचे. "मांजराइतकं चोखंदळ जनावर नाही, डॉक्टरबाई. ताजा मासा नाकारेल, पण हे सोडत नाही. रोज संध्याकाळी हिची बशी ठरलेली. ही पिते म्हणजे चांगलंच असणार ना?"

बाईंनी बशीकडे पाहिलंच नाही. त्या खाली बसल्या, मार्केसाला मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने तिचा ओठ वर केला.

"ही नेहमी अशीच झोपून असते?"

"म्हातारी झालीय."

"किती म्हातारी?"

वडील आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, "म्हातारी कसली? इरिदे संस्थेत लागली तेव्हा पिल्लू होती."

"हिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात," बाई म्हणाल्या. "गोठ्यातली मांजरंही त्या बादल्यांत तोंड घालतात का?"

"गोठ्यात मांजर कुठे घालणार नाही तोंड?" आई म्हणाली.

बाईंनी पेटी उघडली. आत सूक्ष्मदर्शक होता. मार्केसाच्या कानातून रक्ताचा थेंब काढला, निळ्या रंगात मिसळला आणि काचेवर पसरला. बराच वेळ बघत बसल्या. मग वडिलांना म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा."

वडील वाकले. "ठिपके दिसतात. गोल पेशींच्या कडेला."

"थोडे ठिपके धडधाकट मांजरातही असतात. इतके नसतात. शेजारी मांजर कोणाकडे आहे?"

मग काय, भट्टीवाल्याची मांजर आली, पाद्रीबाबांकडची आली. पाद्रीबाबांची स्वयंपाकीण टोपली छातीशी धरून, "रक्त काढणार म्हणजे काय काढणार? तिने काही पाप केलंय का?" म्हणत आली. दोन्ही मांजरांनी ओरबाडून बाईंचे हात लाल केले. त्यांच्या रक्तात ठिपके अगदी तुरळक होते.

आईने मलम आणून दिलं. बाईंनी ते लावता लावता सांगितलं, अगदी स्वयंपाकघरात बसून सांगावं तसं. "हा अर्क तुमच्या पोटात गेला तर तुमचं यकृत त्याला साखरेचा एक कण बांधतं आणि बाहेरची वाट दाखवतं. वासराचंही तेच करतं. मांजराच्या यकृताकडे ती बांधायची सोयच जेमतेम आहे. मग तो अंगातच फिरत राहतो आणि रक्ताला खातो."

"पण मी हे मांजरांसाठी विकतच नाही!" वडिलांचा आवाज चढला. "पोत्यावर वासरू आहे, वासरू! उद्या तुम्ही म्हणाल कावळ्याला चालतं का बघू. मांजराच्या एका थेंबापायी माझा कारखाना बंद करणार? ती माणसं मिलानला जाऊन गाड्यांचे नट आवळतील, ते चालेल?"

मी कॉफीचे कप धरून उभी होते. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी बंद करायला आलेले नाही. एका मांजरावरून मी काही लिहितही नाही. कदाचित हिला दुसराच काही आजार असेल. तुम्हीच मला चुकीचं ठरवा. हिची बशी बंद करा, बाकी सगळं तसंच ठेवा. उन्हाळ्यात मी परत येईन."

"ठरवतोच," वडील म्हणाले. "म्हातारपणच निघेल ते."

"निघालं तर तसंच लिहीन."

पेटी बांधून झाल्यावर त्या फाटकाशी थांबल्या. "आणखी एक, माल्पेली. वासराला एवढं बालिया लागतं हे कशावरून ठरवलंत?"

वडिलांनी नाकावर बोट ठेवलं.

"हे तुमचं नाक झालं. वासराचं नाक तुमच्याहून कितीतरी तिखट असतं. त्याला विचारलंत कधी?"

वडिलांनी बशी उचलून कपाटात कुलूप लावून ठेवली. मार्केसा संध्याकाळी कपाटासमोर बसून कळवळून ओरडायची, आणि ते वर्तमानपत्रामागे तोंड लपवायचे. आई म्हणायची, "द्या की एक घोट." ते खेकसायचे, "शब्द दिलाय."

मग जूनमध्ये एका सकाळी कारखान्यातून काच फुटल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे वडील अर्काच्या बाटल्या ठेवायचे, तिथे मार्केसा उभी होती, तोंडात पाल. खाली बाटलीचा चुराडा. सगळीकडे लवंग आणि धूर. मार्केसाने एका उडीत खिडकी गाठली आणि ती पसार झाली.

वडील ओल्या जमिनीकडे बघत उभे राहिले. महागाचा अर्क होता तो. आम्हाला वाटलं आता चिडतील.

"इरिदे," ते म्हणाले, "ही त्या फळीवर शेवटची कधी चढली होती?"

मला आठवेना.

"मी रोज माझ्या हाताने पाजत होतो तिला," ते म्हणाले. "लोकांना दाखवायला."

त्या संध्याकाळी त्यांनी गोठ्यात बादल्या मांडल्या आणि प्रत्येकीत बालिया आधीपेक्षा कमी कमी घालत गेले. शेवटच्या बादलीतला वास त्यांच्या नाकालाही जेमतेम लागत होता. वासरू त्यातही कानांपर्यंत शिरलं.

जुलैत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, बाई आल्या तेव्हा मार्केसाचं रक्त पाद्रीबाबांच्या मांजरासारखं झालं होतं. पण हे काचेतून दिसलं ते नंतर; वडिलांनी त्यांना आधी पेटीही उघडू दिली नाही. आधीच एक कागद पुढे केला. मात्रा निम्म्याहून कमी करण्याचा अर्ज, आणि पोत्यावर मोठ्या अक्षरांत छापायची ओळ: मांजरांना बादलीपासून दूर ठेवा.

"हे करायला मी तुम्हाला सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. तुमचं काम तुम्ही करा. माझं मी करतो."

त्या क्षणी त्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते मला आजही दिसतं. वासावर जगणारा माणूस, आणि वासच न कळणारी बाई. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती.

बाईंनी त्यानंतरही घाई केली नाही. कागद आला म्हणून त्यांनी काच सोडली नाही, आणखी मांजरांचं रक्त पाहिलं, वासरांच्या मांसात नि यकृतात काही उरतं का ते पाहिलं, बिस्किटं खाणारं लेकरू दिवसाला जास्तीत जास्त किती खाईल याचा हिशेब मांडला. आमची माणसं हवालदिल झाली होती. निकाल आला तो हिवाळ्यात. वासरांना नव्या मात्रेत चालेल, माणसांना बिस्किटांतून चालेल, मांजरांना मुळीच नाही.

कारखाना वाचला, पण वडिलांनी मनात रंगवला होता तितका मोठा झाला नाही. मात्रा निम्म्याखाली आली तर विक्रीही निम्म्याखाली येणारच. काही जण खरंच मिलानला गेले. वडिलांनी पोत्यावर वासराशेजारी मार्केसाचं चित्र छापून घेतलं, नाराज तोंडाचं. शेतकरी दुकानात जाऊन 'ते मांजराचं पोतं द्या' म्हणायचे.

आज पार्मा शहरात साऱ्या युरोपासाठी हेच काम करणारी मोठी कचेरी आहे. नातू तिथल्या उपाहारगृहात काम करतो. तो सांगतो, वर सगळे काचेच्या खोल्यांत बसून वाद घालतात, एकेका शब्दावर. मला त्यांच्याबद्दल न बघताच माया वाटते.

निकालानंतरच्या रविवारी वडिलांनी बाईंना जेवायला बोलावलं. आईने रश्श्यातले आनोलिनी, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या छोट्या चकत्या, केले होते. कुलातेल्लो टेबलाच्या मध्यावर होता, आणि वडील स्वतः कागदासारखे पातळ काप काढत होते.

"आता तरी चालेल ना, डॉक्टरबाई?"

"आता माझं तुमच्याकडे काही काम नाही," बाई म्हणाल्या आणि ताट पुढे केलं.

त्यांना त्याचा वास कळत नव्हता. तरी त्यांनी सावकाश, डोळे मिटून खाल्लं. मीठ कळतं, मऊपणा कळतो, म्हणाल्या. तेवढ्यात मार्केसा त्यांच्या मांडीवर चढली. बाईंनी काटा खाली ठेवला आणि अंगठ्याने तिचा ओठ वर केला.

"अहो, जेवताना तरी!" वडील म्हणाले.

"गुलाबी आहेत," बाई म्हणाल्या, आणि दुसरं ताट मागितलं.