अनृता, वय वर्षे दहा

लेखकमहाशयांचा एक नियम होता: कथानक जुनं चालेल, पण नायिकेचं नाव कोरं करकरीत हवं. नियम त्यांनी कसोशीने पाळला. तीस वर्षं साप्ताहिकात त्यांच्या क्रमशः कादंबऱ्या येत होत्या आणि तीस वर्षं एक गरीब, मानी मुलगी एका श्रीमंत, तापट माणसाच्या प्रेमात पडत होती. कधी ती त्विषांगी असायची, कधी झंकारिका. एकदा निशिगंधिनी होती, पण ते नाव जाहिरातीच्या चौकटीत मावेना म्हणून संपादकबाईंनी तिला पाचव्या भागात अपघातात मारायला लावलं.

अनृताचा जन्म मात्र सुखरूप झाला. अमृता गल्लोगल्ली सापडतात, म्हणून त्यांनी 'म' खोडला आणि 'न' लिहिला. एवढंच. पुढे मुलाखतीत या खाडाखोडीचं 'तीन महिन्यांचं चिंतन' झालं. "अनृता म्हणजे ऋतूंच्या पलीकडची," असंही त्यांनी सांगून टाकलं, आणि मुलाखत घेणाऱ्याने ते मान डोलावत लिहून घेतलं. शब्दकोश कपाटात होता. पण कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

कादंबरी तुफान चालली. वाचकांनी मुलींची नावं अनृता ठेवली आणि तसं कळवलंही. ती पत्रं लेखकमहाशयांनी एका फाइलीत लावली होती. पाहुणा आला की चहाआधी फाइल यायची.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. बायकोने उघडलं. बाहेर एक बाई कादंबरी छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या पुढे दहाएक वर्षांची मुलगी, हातात वही.

"ही आमची अनृता," बाई लाजत म्हणाली. "तुमचीच म्हणा ना! सही मिळेल का?"

लेखकमहाशय खुशीत फाइल काढायला वळले.

"आजोबा, आधी माझं काम," मुलगी म्हणाली.

'आजोबा' त्यांना बोचलं. "काका म्हटलंस तरी चालेल."

"बरं. काका, माझ्या नावाचा अर्थ काय?"

"ऋतूंच्या पलीकडची!"

मुलीने वही उघडली. "शाळेच्या वाचनालयात मोठा शब्दकोश आहे. त्यात 'अनृत' आहे. अनृत म्हणजे खोटं, असत्य. म्हणजे मी खोटी. हे आमच्या वर्गातल्या एकाने शोधलं. आता मी काहीही बोलले की सगळे म्हणतात, खोटी बोलली. परवा माझं पोट खरंच दुखत होतं, तरी सगळे हसले."

बायको पदराआड खोकली, म्हणजे हसली.

"हे बघ बाळ," लेखकमहाशयांनी घसा साफ केला, "भाषा ही वाहती नदी असते. शब्दकोश म्हणजे नुसता काठ..."

"तुम्ही बघितला होता का शब्दकोश?"

नदी तिथेच आटली.

"अगं, असं विचारतात का मोठ्यांना!" आई ओशाळून म्हणाली.

"विचारू दे की," बायको म्हणाली. "मी अकरा वर्षांपूर्वीच विचारणार होते. नाव मोठं, लक्षण खोटं, हे इतकं शब्दशः खरं होईल असं वाटलं नव्हतं."

मुलीला नाव बदलायचं होतं. शाळेतला कारकून म्हणाला होता, सबळ कारण लागेल. बाबा म्हणाले होते, नाव ज्याने काढलं, कारणही त्याच्याकडूनच आण. म्हणून ती आली होती. "तुमच्याकडून चूक झाली, असं लिहून द्या."

लेखकमहाशयांनी आयुष्यात संपादकबाईंनाही असं लिहून दिलं नव्हतं. ते आत गेले आणि अर्ध्या तासाने चार पानं घेऊन आले. मुलीने ती जिभेचं टोक बाहेर काढून, ओळीवर बोट ठेवून वाचली.

"यात 'चूक' हा शब्दच नाही."

"भावार्थ आहे."

"कारकूनकाकांना भावार्थ कळत नाही."

दुसऱ्या मसुद्यात 'अनवधान' आलं, तिसऱ्यात 'मुद्रणदोष'. तो मात्र बायकोने हातातून काढून घेतला. "छापखान्याच्या माथी मारू नका. पोरीचं पोट दुखत होतं, आणि कोणाला खरं वाटलं नाही."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. फाइलीतल्या पत्रांना डोळे नव्हते. हिला होते, आणि ते पाणावलेले असूनही हटत नव्हते. चौथ्या वेळी त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं: 'हे नाव मी अर्थ न बघता ठेवलं. चूक माझी आहे, मुलीची नाही.' खाली सही.

"चालेल," मुलगी म्हणाली.

"नवीन नाव मी सुचवू का? अगदी कोणाचंच नसलेलं..."

"नको!" तिघी एकदम म्हणाल्या.

"मला सई व्हायचंय," मुलगी म्हणाली. "वर्गात चार आहेत. मी पाचवी."

पाचवी! लेखकमहाशयांच्या काळजात कळ आली, पण त्यांनी चिठ्ठीची घडी घालून तिच्या हातात दिली.

कारकुनाने ती चिठ्ठी दोनदा वाचली, मग मोठ्याने वाचून सगळ्या कचेरीला ऐकवली, आणि अर्ज मंजूर केला. बातमी फुटायला तेवढं पुरे झालं. महिन्याभरात आणखी तीन अनृता आईबापांसकट दारात आल्या. लेखकमहाशयांनी तेच दोन वाक्यांचं पत्र तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा तर खाडाखोडही झाली नाही.

मग आणखी एक आली. नऊ वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली. तिचे वडील रागाने लाल झाले होते. "लिहा पत्र!"

"मला नाही बदलायचं," ती म्हणाली. "मला आवडतं."

"अगं, अर्थ माहितीये का तुला?" लेखकमहाशयांनी विचारलं.

"हो. बाईंनी विचारलं गृहपाठ कुठंय, की मी सांगते, घरी राहिला. त्या म्हणतात, खोटं बोलतेस. मी म्हणते, बाई, मी तर नावातच सांगितलंय."

वडिलांनी कपाळावर हात मारला. बायको या वेळी पदर न घेताच हसली. लेखकमहाशयांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आणि मग बाई काय म्हणतात?"

ती सांगत सुटली. वडील दोनदा उठून परत बसले. त्यात खरं किती नि खोटं किती, कोण जाणे. पण चहा गार झाला तरी लेखकमहाशय हूं हूं करत ऐकत होते.