चिखलापलीकडचं ताट

भागीबाईला पावसाळी काकडी जीव की प्राण, आणि धरण भरल्यापासून तिनं एकदाही काकडी चाखली नव्हती. वेल कुडावर चढायचा, काकड्या लोंबायच्या, पिकून पिवळ्या व्हायच्या, आणि ही बाई रोज त्यांच्याकडे बघत जुन्या नागलीची भाकरी सुक्या बोंबलाशी खायची.

सुरगाण्याकडच्या त्या पाड्याची रीतच तशी होती. नवं उगवलेलं काहीही, रानभाजी असो की काकडी, घरातल्या थोरल्या पुरुषानं देवाला आणि वाडवडिलांना दाखवायचं, मग बाकीच्यांनी तोंडात घालायचं. नवरा गेल्यावर हा मान एकुलत्या एका मुलाकडे, हिरामणकडे आला. हिरामणचं नाशिकला पेठ रोडला जीप दुरुस्तीचं गॅरेज. पूर्वी मधे नुसती नदी होती. आषाढात तो यायचा, धोतर खोचून नदी ओलांडायचा, नैवेद्य दाखवायचा आणि आईच्या हातचं खाऊन परतायचा. मग खाली धरण झालं आणि नदीचा फुगवटा थेट पाड्याच्या पायथ्याशी आला. पाठीमागे उभा कडा. पावसाळा लागला की पाणी उतरेपर्यंत पाडा तुटलेला.

नाव होती ना, असं कुणी विचारील. अहो, पाण्याचं काय, पाणी कुणीही ओलांडेल. खरा वैरी चिखल होता. फुगवट्याच्या दोन्ही काठांना मांडीभर गाळाचे रुंद पट्टे, त्यात नाव सरकत नाही आणि माणूस रुततो. एकदा दोघं जण तराफा ओढता ओढता गाळात अडकले, त्यांना दोर टाकून काढावं लागलं. त्यानंतर पावसात कुणी त्या वाटेला गेलं नाही.

हिरामणनं एका उन्हाळ्यात तोड काढून पाहिली होती. "आये, मी आत्ताच आगाऊ नैवेद्य दाखवून जातो."

"जे उगवलंच नाय ते देवाला दाखवतोस?" भागीबाई म्हणाली. "देवाला येडा समजतोस का रं?"

नाशिकला चल म्हटलं तर गुरांकडे कोण बघंल, हे उत्तर तयार. पावसाळा संपून पाणी उतरलं आणि तो भेटायला गेला की दर वेळी आई आदल्या वर्षीपेक्षा वाळलेली दिसे. हिरामणची बायको ज्योत्स्ना म्हणायची, "तुम्ही माय-लेक एकाच दगडाचे. तिकडे त्या उपाशी राहतात आणि इकडे तुमचा घास अडकतो." ते खरंच होतं. आषाढ लागला की हिरामणला पानातली हिरवी भाजी गिळवत नसे.

दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात तो चांदवडला एका कांदेवाल्याचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला गेला आणि कांद्याच्या चाळीमागे त्याला ती दिसली. लांबट टबासारखं फायबरचं अंग, दोन्ही बाजूंना तीन-तीन गुबगुबीत चाकं आणि आत कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. स्टिअरिंगच्या जागी नुसते दोन दांडे.

"हे काय धूड आहे?"

"आमच्या वडलांनी आणलेलं," शेतकरी म्हणाला. "मागं कुठल्या तरी धरणाची पाहणी चालली होती ना, तेव्हा गोऱ्या साहेबांची होती. यातच बसून नदीत उतरायचे. चाकंच पाणी मारत्यात. पलीकडं गेलं की चिखलातनं भर्रकन वर!"

'चिखलातनं' हा शब्द ऐकला आणि हिरामणच्या हातातला पाना खाली पडला. मजुरीच्या बदल्यात त्यानं ती गाडी मागितली. शेतकऱ्याला वाटलं, मिस्त्रीला ऊन लागलं.

गॅरेजमध्ये धूड आलं आणि गल्लीची करमणूक सुरू झाली. कुणी विचारी, आंघोळीचा टब केवढ्याला आणला? हिरामण हसून घेई आणि पुन्हा आत डोकं घाली. टायरांना आतून ठिगळं लावली, अंगावरच्या चिरा फायबरची जाळी आणि राळ लावून बुजवल्या, गंजलेल्या साखळ्या बदलल्या. पण घोडं पेंड खात होतं ते इंजिनापाशी. परदेशी इंजिन गंजून असं जाम झालं होतं की पिस्टन आणि सिलिंडर एकजीव. त्याचा एक नटसुद्धा इथं मिळणार नव्हता.

हिरामणनं आधी विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवलं. आपल्या मुलखात डिझेलवर लोकांची देवाएवढी श्रद्धा. गाडी जमिनीवर झकास चालली, पण पाण्याच्या हौदात सोडताच मागून बुडाली. नाकापेक्षा मोती जड. इंजिन काढलं.

मग नाशिक रोडचा गोटीराम आला. हा रिक्षांचा मिस्त्री, हिरामणचा जुना दोस्त. त्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि मांडीवर थाप मारली.

"रिक्षाचं टाक की! हलकं, पेट्रोलवरचं. वर रिव्हर्स गिअर फुकट. आणि त्याला दोन बाजूंना चाकं फिरवणारे दोन आस असतात. डावा डाव्या चाकांची साखळी ओढील, उजवा उजवीकडची. डावीकडं वळायचं तर डावा ब्रेक दाब."

"पण ताकद पुरंल का?"

"तुला शर्यत लावायचीय का आईकडं जायचंय?"

दोघांनी मिळून इंजिन बसवलं. पाया जुळेना, तो चार वेळा कापून पुन्हा जोडला. साखळी उतरे, ती ताणायला वेगळी चकती केली. ज्योत्स्ना रोज डबा घेऊन यायची आणि रोज डबा गार व्हायचा. ज्येष्ठ सरता सरता गाडी तयार झाली. मधल्या दांड्यांना झेंडूचा हार घालून ती गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर नेली.

गाडी ऐटीत पाण्यात शिरली. सहा चाकं फिरली, पाणी उडालं, काठावरच्या ज्योत्स्नेनं टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत हिरामणच्या पायांना गार लागलं. पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं. दोर बांधला होता म्हणून बरं, गोटीरामनं आणि चार गुराख्यांनी ओढून काढलं.

त्यानंतर हिरामण वेड्यासारखा गळती शोधत बसला. चाकांच्या आसांपाशी ग्रीस भरलं, चिरा पुन्हा तपासल्या. काही सापडेना. शेवटी ज्योत्स्ना आत वाकली आणि तिनं सीटखालचं पायपुसणं उचललं.

"अहो, ही भोकं कसली?"

चार भोकं. गोल, देखणी, कानशीनं कडा घासलेली. हिरामण बघतच राहिला. ती त्यानंच पाडली होती! सुरगाण्याकडची कुठलीही जीप गॅरेजात आली की पहिलं काम हेच: तळाला भोकं पाडायची, म्हणजे पॅसेंजरांच्या पायांचं पाणी आणि चिखल वाहून जातो. हाताला इतकी सवय की डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. पाण्यात जाणाऱ्या गाडीला खालून भोकं! याला म्हणतात आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. गोटीराम हसून हसून जमिनीवर बसला. हिरामण हसला नाही. त्यानं भोकं बुजवली, त्यावर आतून एक आणि बाहेरून एक थर दिला आणि वाळेपर्यंत तिथंच बसून राहिला, हाताला पुन्हा काही सुचू नये म्हणून.

श्रावणात पुंजा आपली पिकअप घेऊन आला. पुंजा त्याच पाड्याचा, आता सुरगाण्यात गाडी चालवायचा. त्याच्या पिकअपमध्ये दोरांनी आवळून ती सहाचाकी फुगवट्याच्या काठावर पोचली. पाऊस बारीक लागला होता, पलीकडे ढगात अर्धा पाडा दिसत होता.

"मी येऊ?" पुंजानं विचारलं.

"पहिल्या खेपेला एकच माणूस," हिरामण म्हणाला. "तू इथं थांब."

गाळात गाडी शिरली आणि हिरामणनं दोन्ही दांडे घट्ट आवळले. चाकं फिरली, चिखल तोंडावर उडाला, गाडी डुलली, पण रुतली नाही. मग पाणी. अंग उचललं गेलं आणि चाकं वल्ह्यांसारखी पाणी मारू लागली. ओढ डावीकडे होती. तो उजवीकडे नाक धरून हळूहळू सरकत राहिला. पायाखाली कोरडं होतं. पलीकडच्या काठावर गाडी गाळ तुडवत वर चढली तेव्हा सगळा पाडा जमला होता, आणि सगळ्यांच्या पुढं भागीबाई उभी होती. तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला.

घरात तिनं पळसाच्या पानावर सगळं मांडलं: रानभाजी, नवी मक्याची कणसं, काकडीच्या फोडी. शेजारची कुसाबाई दाराशी येऊन बसली होती. हिरामणनं नैवेद्यासाठी ओंजळीत पाणी घेतलं.

"थांब," आई म्हणाली. "पुंजा कुठं हाय?"

"पलीकडं. पिकअपपाशी."

"कुसाचा थोरला पुंजाच ना रं? तिच्या घरी कोण दाखवील? ती बी माझ्यासारखीच बसलीय."

हिरामणच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. "आये, पाऊस वाढतोय. आधी तू खा. मग बघू."

"जाऊ दे गं भागी," कुसाबाई घाईनं म्हणाली. "पोराला पुन्हा पाण्यात नको घालू. मला सवय हाय."

भागीबाईनं दुसरं पान घेतलं आणि ताट झाकलं.

हिरामणला राग आला, खराखुरा. इतक्या वर्षांचा घास तोंडाशी आला होता आणि ही बाई झाकून ठेवते! तो तणतणत काठावर आला. इंजिन चालू करताना मात्र त्याची त्यालाच लाज वाटली. ज्याच्या गाडीतून इथवर आलो त्याला आपण हमालासारखं काठावर उभं केलं. त्याची आईही इथंच आहे, हे आपल्या मनात एकदाही आलं नाही. आपल्याला फक्त आपल्याच आईचं ताट दिसत होतं.

पुंजाला घेऊन परतताना पाऊस धो धो कोसळू लागला. दोघांच्या वजनानं पाणी गाडीच्या काठाला लागलं. पुंजा डब्यानं उपसत होता आणि देवाचं नाव घेत होता. ऐन मध्यावर इंजिन फडफडलं आणि बंद पडलं. गाडी ओढीबरोबर वाहायला लागली.

"हिरामण, मला पोहता नाय येत!"

"मलाही नाय. उपस तू!"

रिक्षावाल्यासारखा जास्तीचा प्लग हिरामणच्या खिशात होता. ओल्या बोटांनी त्यानं जुना काढला, छातीनं पाऊस अडवत नवा घातला, हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. त्याच्या मनात एवढंच होतं, की आज ती जेवल्याशिवाय मी बुडणार नाही. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा इंजिन खोकलं आणि सुरू झालं. पाड्याच्या बऱ्याच खाली, बाभळींच्या दाटीत ते काठाला लागले.

दोन्ही घरांत नैवेद्य झाला. कुसाबाई आपलं पान घेऊन भागीबाईच्याच ओट्यावर आली, आणि दोघी म्हाताऱ्या शेजारी बसल्या. भागीबाईनं काकडीची फोड उचलली आणि उरलेल्या दातांनी सावकाश चावली. हिरामण समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचे डोळे वाहत होते, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"कडू निघाली," भागीबाई म्हणाली आणि तिनं दुसरी फोड उचलली.